निर्यातीच्या माशांची तपासणी आणि प्रयोगशाळेची सरकारी मान्यता: नाशिकमधून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जिल्ह्यातली शेततळी मुळात द्राक्ष-डाळिंबाच्या पाण्यासाठी खोदली गेली. आता त्यांतल्या बऱ्याच तळ्यांत रोहू, कटला, पंगस, तिलापिया वाढतात. द्राक्षाच्या निर्यातीमुळे अवशेष तपासणी हा शब्द इथे नवा नाही, पण मासळीच्या तपासणीचे नियम निराळे आहेत. प्रयोगशाळा चालवणारे, मत्स्यशेती करणारे आणि माल बाहेर पाठवणारे या तिघांकडून येणारे प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत.

आमच्या प्रयोगशाळेला द्राक्षाच्या अवशेष तपासणीची मान्यता आहे, यंत्रही तेच लागतं. मग माशाचा अहवाल का देता येत नाही?

कारण मान्यता इमारतीला किंवा यंत्राला नसते. कोणत्या पदार्थात, कोणता घटक, कोणत्या पद्धतीने आणि किती खालपर्यंत मोजता, या चार गोष्टी मिळून स्कोपमधली, म्हणजे मान्यतेच्या यादीतली, एक ओळ होते. मान्यता त्या ओळीला असते. तुमच्या स्कोपमध्ये 'द्राक्ष' लिहिलं असेल तर 'मासे व मत्स्य उत्पादने' ही ओळ नव्याने मिळवावी लागते.

हा कागदी हट्ट नाही. द्राक्षात पाणी, साखर आणि आम्ल असतं. माशाच्या मांसात प्रथिनं, चरबी आणि फॉस्फोलिपिड. ही फॉस्फोलिपिडं एलसी-एमएस/एमएस या अवशेष मोजणाऱ्या यंत्रात घटकाचा सिग्नल दाबतात. द्राक्षावर ९० टक्के रिकव्हरी (घातलेल्या घटकापैकी परत मोजला गेलेला भाग) देणारी पद्धत पंगसच्या चरबीवर निम्म्यावर येऊ शकते. मर्यादाही फार खाली आहेत. ज्या कीटकनाशकासाठी युरोपने वेगळी मर्यादा ठरवलेली नाही, त्याला ०.०१ मिलिग्रॅम प्रति किलो, म्हणजे १० मायक्रोग्रॅम, ही सर्वसाधारण मर्यादा लागते. क्लोरॅम्फेनिकॉल या बंदी असलेल्या प्रतिजैविकासाठी युरोपचा कारवाईचा आकडा, म्हणजे जिथून माल नापास धरतात तो, आहे ०.१५ मायक्रोग्रॅम प्रति किलो. दोन्हींत साठ पटींहून जास्त फरक आहे. ०.१५ म्हणजे साडेसहा हजार टनांहून जास्त मासळीत मिसळलेला एक ग्रॅम.

नाशिककरांना २०१० चा द्राक्ष हंगाम आठवत असेल. युरोपने क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढरोधकावरून माल अडवला, आणि इथल्या तपासणीत तो घटक धरलेलाच नव्हता. स्कोपमध्ये नसलेला घटक अहवालातही नसतो, आणि तो नेमका पलीकडच्या बंदरावर सापडतो.

मान्यता नेमकी कोण देतं? एनएबीएल, ईआयसी, एफएसएसएआय, एमपीडा, यांत गोंधळ होतो.

एनएबीएल, म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ, तुमची तांत्रिक क्षमता आयएसओ/आयईसी १७०२५:२०१७ या मानकाप्रमाणे तपासते. तो पाया आहे. पण फक्त एनएबीएलवर निर्यातीचा अहवाल सरकारदरबारी चालत नाही.

निर्यातीसाठीची मान्यता निर्यात निरीक्षण परिषदेकडून, म्हणजे ईआयसीकडून येते. १९६३ च्या निर्यात (गुणवत्ता नियंत्रण व निरीक्षण) कायद्याखाली ही परिषद उभी आहे, आणि मासळीसाठी १९९५ चे स्वतंत्र नियम आहेत. परिषदेची क्षेत्रीय कार्यालयं पाच: मुंबई, कोची, चेन्नई, कोलकाता आणि दिल्ली. नाशिकचा संबंध मुंबईशी. मालासोबत जाणारं आरोग्य प्रमाणपत्र हेच कार्यालय देतं.

एमपीडा, म्हणजे समुद्री उत्पादने निर्यात विकास प्राधिकरण, शेतीतल्या मासळी-कोळंबीसाठी राष्ट्रीय अवशेष नियंत्रण योजना चालवतं, तळ्यांची नोंदणी करतं आणि कोळंबी काढण्याआधीच्या एलायझा तपासणीची (किटवर होणाऱ्या झटपट छाननीची) व्यवस्था पाहतं. एफएसएसएआयची, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, अधिसूचित प्रयोगशाळा देशातल्या बाजारासाठी. ते पत्र हातात असलं तरी ईआयसीची मान्यता वेगळी घ्यावी लागते. एनएबीएल आणि या नियामकांच्या एकत्रित मूल्यांकनाची सोय आहे, अर्ज करताना ती जरूर विचारा. एकाच फेरीत काम झालं तर खर्च आणि हेलपाटे दोन्ही वाचतात.

अर्ज भरण्याआधी काय तयार हवं?

सगळ्यात आधी स्कोपची यादी, आणि ती लहान ठेवा. पहिल्याच अर्जात साठ घटक लिहिणाऱ्या प्रयोगशाळा व्हॅलिडेशनमध्ये, म्हणजे पद्धत चालते हे आकड्यांनी सिद्ध करण्यात, अडकतात. क्लोरॅम्फेनिकॉल, नायट्रोफ्युरान या प्रतिजैविकांचे चयापचयी घटक (अंगात मोडल्यावर उरणारे तुकडे), मॅलाकाइट ग्रीन हा बुरशीनाशक रंग, टेट्रासायक्लिन गट आणि शिसं-कॅडमियम-पारा एवढ्यावर सुरुवात करणं आम्हाला शहाणपणाचं वाटतं.

मग संदर्भ मानकं, म्हणजे तुलनेसाठी लागणारे शुद्ध, प्रमाणित घटक. ती आयएसओ १७०३४ मान्यताप्राप्त उत्पादकाकडूनच घ्या आणि त्यांसोबत समस्थानिक-चिन्हांकित इंटर्नल स्टँडर्डही (प्रत्येक नमुन्यात ठरावीक मापाने घालायचं त्याच घटकाचं जड रूप) मागवा. क्लोरॅम्फेनिकॉलसाठी डी-५ लागतं, नायट्रोफ्युरानच्या प्रत्येक घटकासाठी त्याचं स्वतःचं. एका इंटर्नल स्टँडर्डवर चारही घटक भागवायला गेलात तर मूल्यांकनकर्ता पहिलं बोट तिथेच ठेवतो.

उणे २० अंशांचा डीप फ्रीझर, त्याला स्वतंत्र तापमान नोंदणी यंत्र, माशांसाठी वेगळा होमोजिनायझर (मांस एकजीव करणारं यंत्र), वेगळी काचभांडी. द्राक्षाच्या नमुन्यांशेजारी मासे कापू नका.

वीज हा इथला खरा प्रश्न आहे. अंबड असो वा सातपूर, रात्रीत दोन तास वीज गेली की नमुने रात्रभर उबेत ठेवणारा इनक्युबेटर थंड पडतो आणि सकाळी कुणाच्या लक्षातही येत नाही. इनक्युबेटरला बॅकअप द्या आणि रात्रभराच्या तापमानाचा आलेख प्रत्येक बॅचच्या फाइलला जोडा.

व्हॅलिडेशन किती करायचं? जुन्या पुस्तकात युरोपचा २००२/६५७ हा निर्णय दिसतो.

तो मागे पडला. आता युरोपचा २०२१/८०८ हा नियम लागू आहे. बंदी असलेल्या घटकांसाठी कारवाईच्या आकड्याच्या ०.५, १ आणि १.५ पट अशा तीन पातळ्या, प्रत्येक पातळीवर किमान ६ नमुने, आणि हेच तीन वेगवेगळ्या वेळी. म्हणजे १८ गुणिले ३, एकूण ५४ स्पाइक (घटक मुद्दाम घातलेले नमुने). शिवाय वेगवेगळ्या ठिकाणांहून आणलेले किमान २० ब्लँक, म्हणजे घटक नसलेले नमुने. अर्ध्या पातळीवर मोजणं जमतच नसेल तर शक्य तितकी खालची पातळी घेता येते, पण ती का घेतली याचं कारण लिहून ठेवावं लागतं.

१ मायक्रोग्रॅमपर्यंतच्या पातळीला खरेपणा, म्हणजे खऱ्या आकड्यापासूनचा फरक, उणे ५० ते अधिक २० टक्के या पट्ट्यात बसायला हवा. बंदीच्या घटकाची ओळख पक्की करायला ५ ओळख-गुण लागतात. एलसी-एमएस/एमएसमध्ये वेगळं करण्याचा १, मूळ आयनाचा १ आणि दोन उत्पाद आयनांचे प्रत्येकी दीड, असे ते जमतात. क्लोरॅम्फेनिकॉलमध्ये बहुतेक जण ३२१ ते १५२ आणि ३२१ ते २५७ ही संक्रमणं घेतात. आयनांचं गुणोत्तर मानकाच्या ±४० टक्क्यांत आणि रिटेन्शन टाइम ±१ टक्क्यात हवा.

सगळ्यात जास्त वेळ खातो तो ब्लँक मासा. बाजारातून आणलेली रोहू कुठल्या तळ्यातली, काय खाऊन वाढलेली, हे कुणालाच माहीत नसतं. ओळखीच्या, नोंदी ठेवणाऱ्या तळ्यातून दहा-बारा किलो मासळी एकदम आणा, साफ करून २०० ग्रॅमच्या पिशव्या भरा, त्यांतल्या दोन-तीन तपासा आणि बाकी उणे २० ला ठेवा.

नायट्रोफ्युरानच्या अहवालाला दोन-तीन दिवस का लागतात?

मूळ औषध माशाच्या अंगात काही तासांत मोडतं. त्याचे तुकडे, म्हणजे एओझेड, एएमओझेड, एएचडी आणि एसईएम, प्रथिनांना घट्ट चिकटून आठवडे राहतात. ते सोडवायला सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल घालून, २-नायट्रोबेंझाल्डिहाइडसोबत ३७ अंशांवर साधारण १६ तास ठेवावं लागतं. दुसऱ्या दिवशी सामू (पीएच) ७ च्या आसपास आणायचा, इथाइल ॲसिटेटने दोनदा काढायचं, वाळवायचं, मग यंत्रावर.

चूक बहुतेक वेळा सामू जुळवताना होते. सामू साडेसहाच्या खाली राहिला की रिकव्हरी घसरते. हातातल्या कागदी पट्टीवर विसंबू नका, प्रत्येक नळी मीटरने मोजा. दुसरी चूक इथाइल ॲसिटेटच्या थरासोबत खालचं पाणी ओढण्याची. मग नायट्रोजनखाली नळी वाळतच नाही. तळाशी एक थेंब दिसला की ती नळी बाजूला काढा.

या चौघांसाठी युरोपचा आकडा आहे ०.५ मायक्रोग्रॅम प्रति किलो. हे आकडे २८ नोव्हेंबर २०२२ पासून लागू आहेत. नायट्रोफ्युरानचा १ आणि क्लोरॅम्फेनिकॉलचा ०.३ हे जुने आकडे डोक्यात ठेवून पद्धत बसवली असेल तर ती पुन्हा बसवा.

जम्बो कोळंबीत फक्त एसईएम सापडलं, बाकी तीन नाहीत. शेतकरी शपथेवर सांगतो की औषध दिलंच नाही.

तो खरं सांगत असण्याची चांगलीच शक्यता आहे. गोड्या पाण्यातल्या जम्बो कोळंबीच्या कवचात सेमिकार्बझाइड नैसर्गिकरीत्या आढळतं. कवचासकट दळलेला नमुना दोष नसताना नापास होतो. कवच, डोकं, पाय पूर्ण काढा आणि कवचाला लागलेला मांसाचा वरचा पातळ थरही सोडा. मग मांस मिथेनॉलने धुऊन फक्त प्रथिनांना चिकटलेला घटक मोजा. ब्लीचिंगच्या, म्हणजे हायपोक्लोराइटच्या, कडक पाण्यात बुडवलेल्या मालातही एसईएम तयार होऊ शकतं. म्हणून नमुना प्रक्रियेच्या आधी घेतला की नंतर, हे फॉर्मवर लिहिलेलं असावं.

एलायझावर भागेल का? ते स्वस्त आहे.

छाननीला भागेल. एलायझात 'नाही' आलं आणि किटची शोधक्षमता तुमच्या माशावर सिद्ध केलेली असेल, तर तो निकाल धरतात; मात्र चुकून सुटणारे नमुने ५ टक्क्यांच्या आतच हवेत. 'आहे' आलं तर एलसी-एमएस/एमएसने खात्री केल्याशिवाय कुणाचाही माल नापास करू नका. किट बनवणाऱ्याचं माहितीपत्रक म्हणजे व्हॅलिडेशन नाही, ही गोष्ट आम्ही पुन्हा पुन्हा सांगतो.

मॅलाकाइट ग्रीनचा नमुना प्रत्येक वेळी वेगळा आकडा देतो.

उजेड. मॅलाकाइट ग्रीन प्रकाशात मोडतं. नमुना काळ्या पिशवीत, नळ्या फॉइलमध्ये, काम पिवळ्या दिव्याखाली. माशाच्या अंगात त्याचं ल्युको, म्हणजे रंगहीन, रूप चरबीत बसतं आणि खूप काळ राहतं, म्हणून दोन्हींची बेरीज मोजायची. मर्यादा ०.५ मायक्रोग्रॅम.

जड धातूंचं काय?

तुलनेने सरळ काम आहे: मायक्रोवेव्हमध्ये नायट्रिक आम्लाने विरघळवणं आणि आयसीपी-एमएस या यंत्रावर धातू मोजणं. युरोपच्या मर्यादा शिशासाठी माशात ०.३० आणि कोळंबीत ०.५० मिलिग्रॅम प्रति किलो. कॅडमियमसाठी बहुतेक माशांत ०.०५ आणि कोळंबीत ०.५०. खेकड्या-कोळंबीच्या डोक्यातला तपकिरी भाग मांसात मिसळला तर कॅडमियम उगाच चढतं. मांसच घ्या.

जिवंत मासे, बीज किंवा शोभिवंत मासे पाठवायचे आहेत. तिथेही हीच मान्यता चालते का?

नाही, तो रोगांचा विषय. आयात करणारा देश कोणते रोग तपासायचे ते ठरवतो आणि त्यानुसार प्रमाणपत्राचा मसुदा येतो. कोळंबीत व्हाइट स्पॉट, कार्प गटात कोई हर्पीस आणि स्प्रिंग व्हायरेमिया, तिलापियात तिलापिया लेक व्हायरस हे नेहमी विचारले जातात. जागतिक पशुआरोग्य संघटनेच्या जलचर पुस्तिकेत दिलेली पीसीआर पद्धत धरा, आणि मसुदा हातात आल्याशिवाय एकही नमुना घेऊ नका.

नमुन्यांची संख्या गणितावर ठरते. तळ्यात २ टक्के मासे बाधित असतील आणि ९५ टक्के खात्रीने निदान एक तरी पकडायचा असेल, तर साधारण १५० मासे लागतात. ५ टक्क्यांसाठी ६०, १० टक्क्यांसाठी ३०. दहा मासे तपासून 'तळं रोगमुक्त' असं लिहिणारा अहवाल कामाचा नाही.

पीसीआरच्या खोल्या वेगळ्या हव्यात: डीएनए काढण्याची, मिश्रण भरण्याची, वाढवण्याची. माणूस त्याच क्रमाने पुढे जाईल, उलट मागे येणार नाही. एकाच खोलीत सगळं केलं की महिन्याभरात ब्लँकसुद्धा पॉझिटिव्ह येऊ लागतो.

शेततळ्यातून नमुना कसा आणि किती घ्यायचा?

एका तळ्याचा एक नमुना. तळ्याच्या चार-पाच जागांवरून जाळं टाकून मासे घ्या. सगळे खाद्य टाकायच्या कोपऱ्यातूनच नकोत. खाण्याजोगं मांस निदान ५०० ग्रॅम निघेल एवढे मासे हवेत, म्हणून मोठा मासा असेल तर दीड-दोन किलो धरा. त्याचे सारखे भाग करून एक तपासणीला, एक राखीव. दोन्ही एकाच वेळी सीलबंद, सीलवर तळ्याचा नोंदणी क्रमांक, तारीख, वेळ आणि घेणाऱ्याची सही. नमुना शक्यतो प्रयोगशाळेच्या किंवा खात्याच्या माणसाने घ्यावा. तुम्ही स्वतः आणून दिलेल्या नमुन्याच्या अहवालावर 'ग्राहकाने दिलेला नमुना' असं छापलं जातं, आणि त्या अहवालाची किंमत तेवढीच राहते.

बर्फ आणि मासा यांच्यामध्ये प्लॅस्टिकची पिशवी असू द्या, वितळलेलं पाणी नमुन्यात जायला नको. थर्माकोलच्या डब्यात खाली बर्फ, मध्ये नमुना, वर बर्फ. मुंबईला पाठवायचा असेल तर आधी गोठवून पाठवा. कसारा घाटात चार तास अडकलेली गाडी नवलाची नाही. शुक्रवारी संध्याकाळी कुरिअरला दिलेला डबा सोमवारी उघडतो, म्हणून सोमवार ते बुधवारच पाठवा. डबा उघडताना आतलं तापमान मोजून नोंदवणं हे प्रयोगशाळेचं काम आहे. वास येणारा किंवा पूर्ण वितळलेला नमुना तिने नाकारायलाच हवा.

औषध दिल्यावर किती दिवस थांबायचं?

बंदीच्या औषधांना थांबण्याचा काळ नसतो. ती वापरायचीच नाहीत. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या कुठल्याही प्राण्याला चालत नाहीत.

परवानगी असलेल्या औषधाचा काळ लेबलवर असतो. तो माशासाठी दिलेला नसेल तेव्हा युरोपात जानेवारी २०२२ पर्यंत किमान ५०० अंश-दिवस धरत; आता आकडा औषधानुसार बदलतो, पण हिशोब अंश-दिवसांचाच: पाण्याचं रोजचं सरासरी तापमान बेरजेत घेत जायचं. ५०० अंश-दिवसांना पाणी २८ अंश असेल तर १८ दिवस. निफाडच्या थंडीत तळ्याचं पाणी १८ अंशांवर आलं तर तेच २८ दिवस होतात. उन्हाळ्यातला अनुभव डिसेंबरात लावला की ऑक्सिटेट्रासायक्लिन १०० मायक्रोग्रॅमच्या मर्यादेच्या वर जातं. तळ्यात साध्या दोरीला थर्मामीटर बांधा आणि रोज सकाळ-संध्याकाळ वहीत लिहा.

आम्ही काहीच वापरलं नाही, तरी अवशेष सापडला. कुठून आला?

आधी कोंबडीखत बघा. तळ्याचं पाणी हिरवं करण्यासाठी पोल्ट्रीतलं लिटर टाकण्याची पद्धत जिल्ह्यात आहे, आणि कोंबड्यांना दिलेली औषधं त्या लिटरमधून तळ्यात उतरतात. मग खाद्य, आणि 'प्रोबायोटिक' किंवा 'वाढीचं टॉनिक' म्हणून मिळणाऱ्या लेबल नसलेल्या पुड्या. बीज कुठून आणलं तेही पाहा. उबवणी केंद्रात बुरशीसाठी मॅलाकाइट ग्रीन वापरलं असेल तर ते बोटुकलीसोबत येऊ शकतं. मासे हाताळणाऱ्याने डोळ्यांत घातलेले थेंब किंवा हाताला लावलेलं मलम हेही क्लोरॅम्फेनिकॉलचं कारण ठरू शकतं, कारण मर्यादाच तेवढी खाली आहे. शेजारच्या बागेतल्या फवारणीचा तुषार तळ्यावर येत असेल तर कीटकनाशकंही तपासायला सांगा.

अहवाल हातात आल्यावर काय बघायचं?

फक्त 'आढळले नाही' वाचून घडी घालू नका. त्या ओळीपुढे पद्धत किती खालपर्यंत मोजते ते लिहिलेलं हवं. १ मायक्रोग्रॅमपर्यंतच मोजणाऱ्या पद्धतीचं क्लोरॅम्फेनिकॉल 'आढळले नाही' युरोपसाठी निरुपयोगी आहे. मग एनएबीएलचं चिन्ह आणि त्या घटकापुढे 'मान्यतेबाहेर' असा तारा नाही ना, ते पाहा. नमुन्याचं वर्णन, सीलची अवस्था, मिळाल्याचं तापमान आणि चाचणी सुरू-संपल्याच्या तारखा तपासा. नायट्रोफ्युरानची चाचणी एकाच तारखेला सुरू होऊन संपलेली दिसली तर प्रयोगशाळेला फोन करा.

शेतीतल्या भारतीय कोळंबीचे सीमेवर घेतले जाणारे नमुने युरोपने २०१६ मध्ये १० टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर नेले. इथला ढिला अहवाल तिथे उघडा पडतो, आणि भुर्दंड एका कंटेनरवर थांबत नाही.

मूल्यांकनात प्रयोगशाळा कुठे अडकतात?

यंत्रावर क्वचितच. कच्च्या नोंदींवर अडकतात. यंत्राच्या आलेखातलं शिखर हाताने मोजलेलं (पीक इंटिग्रेशन) आणि त्याचं कारण लिहिलेलं नाही. मानकाच्या द्रावणाची मुदत संपलेली. तराजूची रोजची नोंद एकाच पेनाने, एकाच हाताने आठवडाभराची भरलेली. मूल्यांकनकर्ते विश्लेषकाला 'करून दाखवा' म्हणतात, आणि हात एसओपीपेक्षा, म्हणजे लिहून ठेवलेल्या कार्यपद्धतीपेक्षा, वेगळे चालतात. वरिष्ठांनी महिन्यातून एकदा शेजारी उभं राहून एसओपी वाचत काम बघावं.

बाह्य तुलना चाचणी, म्हणजे पीटी, हाही अडथळा. झेड-स्कोर (तुमचा आकडा ठरलेल्या आकड्यापासून किती दूर आहे याचं माप) २ च्या आत समाधानकारक, २ ते ३ शंकास्पद, ३ वा त्याहून जास्त नापास. नापास होणं गुन्हा नाही. मूळ कारण न शोधता 'विश्लेषकाला प्रशिक्षण दिले' एवढंच लिहून फाइल बंद करणं मात्र चालत नाही. कॅलिब्रेशन तपासा, राखून ठेवलेला पीटी नमुना पुन्हा चालवा, त्या काळात गेलेल्या ग्राहकांच्या अहवालांवर काय परिणाम झाला ते लिहा.

नमुना नापास आला. आता तळ्याचं काय?

मासळी काढणं थांबवा आणि राखीव भाग दुसऱ्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत, खात्रीच्या पद्धतीने तपासायला द्या. तोच निकाल आला तर खाद्य, खत आणि पुड्यांचे नमुनेही तपासा. उगम सापडल्याशिवाय पुढची बॅच सोडू नका. परवानगीच्या औषधाचा अवशेष असेल तर अंश-दिवस मोजत थांबून नवा नमुना घ्या. बंदीच्या औषधाचा असेल तर तो माल निर्यातीला जात नाही, आणि 'मग नाशिकच्या बाजारात विकू' हेही चालत नाही. देशातल्या अन्नसुरक्षा नियमांतही ही औषधं निषिद्धच आहेत. तळं रिकामं करून तळाचा गाळ उपसा, प्लॅस्टिकचं अस्तर धुऊन वाळवा, आणि नवीन बोटुकली सोडण्याआधी तिचाही नमुना द्या.